रिलायनिंगनंतर मागचा डावा ड्रम तापतोय, स्लॅक ढिला करूनही फरक नाही

शिकाऊ_डिझेल

नमस्कार. आयटीआय मेकॅनिक डिझेल झालंय, आता ट्रकच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस आहे. गाडी सहाचाकी, एअर ब्रेक, मागे एस-कॅम ड्रम (एस आकाराचा कॅम फिरला की शू ड्रमवर दाबले जातात), हाताने सेट करायचा स्लॅक अॅडजस्टर (पुशरॉड आणि कॅमला जोडणारा दांडा, लायनर आणि ड्रममधली फट यानेच ठरते) आणि टाइप ३० आकाराचा स्प्रिंग बूस्टर (हवेने पुशरॉड ढकलणारा डबा, हवा गेली की आतली स्प्रिंग हँडब्रेक लावते). मागच्या दोन्ही बाजूंना शूवर नवे लायनर (ड्रमला घासणारं अस्तर) मारले. १५ किमी ट्रायलनंतर डावा ड्रम चटका बसेल इतका गरम, उजवा कोमट. स्लॅक चाक जाम होईपर्यंत आवळून अर्धा फेरा मागे घेतला होता. मग अजून अर्धा फेरा ढिला केला, तरी तापतोच. वर आता ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढते. रिले वॉल्व्ह बदलायचं ठरतंय. त्याआधी काय तपासू?

हवा_आणि_ड्रम

रिले वॉल्व्हला आत्ता हात लावू नकोस. तो एक्सलच्या दोन्ही बूस्टरना हवा देतो. तो अडकला असता तर दोन्ही ड्रम तापले असते. एकच तापतोय म्हणजे दोष वॉल्व्हच्या पुढे, डाव्या होजपासून लायनरपर्यंत कुठेतरी आहे.

स्लॅक जास्त ढिला केलास म्हणून गाडी उजवीकडे ओढते. डाव्या पुशरॉडला आता लांब जावं लागतं, तिथला ब्रेक कमी धरतो. हे सेटिंग आधी परत जागेवर आण. लोड घेऊन खंबाटकी घाट उतरताना असा ब्रेक चालत नाही.

आता तपासणी. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, मागचा एक्सल जॅकने उचलून घोडीवर (लोखंडी स्टँडवर). नुसत्या जॅकवर काम नको. टाकीत ७ बार तरी हवा भर आणि मगच हँडब्रेक सोड. हवा ४ बारवर असेल तर आतली स्प्रिंग पूर्ण मागे जात नाही. नॉब सोडलेला दिसतो, पण पुशरॉड थोडा बाहेरच असतो. त्या अवस्थेत केलेलं स्लॅकचं सेटिंग चुकणारच.

मग चाक हाताने फिरव आणि डाव्या-उजव्या पुशरॉडकडे बघ. डावा आत गेलाय का?

आत गेला नसेल तर दोष हवेचा किंवा बूस्टरचा. पेडल दाबून सोड, मग सर्व्हिस होजचं (पायाच्या ब्रेकची हवा आणणाऱ्या पाइपचं) नट सावकाश ढिलं कर. फुस्स करून हवा निघाली आणि चाक मोकळं झालं, तर होजमध्ये हवा अडकत होती. जुना होज आतून फुगतो, हवा जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. बाहेरून तो चांगलाच दिसतो. हवा निघालीच नाही तर पार्किंगच्या (हँडब्रेकच्या) लाइनला गेज लाव. तिथे टाकीएवढं प्रेशर येत नसेल तर लाइन बघ, येत असेल तर बूस्टर.

पुशरॉड पूर्ण आत आहे आणि चाक तरीही जड फिरतंय? मग दोष बूस्टरचा नाही, ड्रम काढ.

रिबेट_पंच

ड्रम काढण्याआधी एक गोष्ट बघा, चटका कुठे बसतो. ड्रमच्या कडेला की हबच्या मधोमध? हब जास्त गरम असेल तर बेअरिंग आवळलं गेलंय, ब्रेकचा संबंध नाही. लायनरसाठी हब उतरवला होता ना? नट घट्ट करताना हब फिरवत राहावा लागतो, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग मॅन्युअलप्रमाणे नट मागे घ्यायचा आणि डायल गेजने एंड प्ले (हब आत-बाहेर किती हलतो ते) बघायचा. हाताने सेट करायच्या बेअरिंगला ०.०३ ते ०.१३ मिमी मिळायला हवा.

चाक एका फेऱ्यात एकाच जागी घासत असेल तर ड्रम अंडाकृती झालाय. पूर्ण फेरा सारखं जड असेल तर लायनर किंवा कॅम. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ओव्हरसाइज (जास्त जाड) लायनर. ड्रम टर्न केलेला (लेथवर आतून कापलेला) असेल तरच तो चालतो. एका बाजूचा ड्रम टर्न केलेला, दुसऱ्या बाजूचा नवा आणि लायनर एकाच बॉक्समधले, असं झालं की नव्या ड्रमचं चाक घासणारच. दोन्ही ड्रमचा आतला व्यास मोजा, ड्रमवर कोरलेल्या मर्यादेशी ताडून बघा.

लायनर मारताना रिबेट मधून सुरू करून टोकांकडे जायचं. टोकं आधी मारली तर मधे पोकळी राहते आणि लायनर फुगतो. शू आणि लायनरमध्ये फीलर घालून बघा, पातळ पट्टीही शिरता कामा नये.

कॅमशाफ्ट हाताने फिरवून बघा. बुशमध्ये जुनं ग्रीस वाळून दगड झालं की कॅम दाबला जातो, पण परत येत नाही. रिटर्न स्प्रिंग ताणून लांब झाली असेल तर बदला, त्याच परत घालू नका. कॅमच्या बुशला ग्रीस बेताचं. जास्तीचं थेट लायनरवर येतं, आणि ग्रीस प्यायलेला लायनर धुऊन सुधारत नाही.

ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा.

हवा_आणि_ड्रम

बरोबर, हब राहिलाच होता. आता स्लॅकचं सेटिंग नीट सांगतो. लॉकिंग स्लीव्ह दाबून पाना फिरव. ब्रेक लागताना कॅम ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने तो फिरला तर दिशा बरोबर. डाव्या-उजव्या बाजूला ती उलट असते, म्हणून कॅमकडे बघूनच ठरव. लायनर ड्रमला टेकला की पाव ते अर्धा फेरा मागे. स्लीव्ह टक् करून बाहेर आली पाहिजे, नाहीतर सेटिंग रस्त्यावर आपोआप सरकतं.

मग स्ट्रोक मोज. हँडब्रेक सुटलेला असताना पुशरॉडवर बूस्टरच्या तोंडाशी खडूची रेघ मार. दुसऱ्याने ६ बारवर पेडल पूर्ण दाबून धरावं. रेघ किती बाहेर आली ते टेपने मोज. साध्या टाइप ३० ला मर्यादा ५१ मिमी, टाइप २४ ला ४५. नव्या लायनरवर याच्या बरंच आत यायला हवं, आणि दोन्ही बाजूंत ६ मिमीपेक्षा जास्त फरक नको. ब्रेक लागलेला असताना स्लॅक आणि पुशरॉड साधारण काटकोनात दिसतात. २००-३०० किमी चालल्यावर पुन्हा मोज, नवे लायनर बसायला तेवढं अंतर लागतं.

शिकाऊ_डिझेल

दोघांचेही आभार. हब थंड आहे, ड्रमची कड गरम. डावा पुशरॉड उजव्यापेक्षा साधारण १२ मिमी बाहेर राहतो. होज ढिला केला तर हवा निघत नाही. पार्किंग लाइनला गेज ७ बार दाखवतं. म्हणजे बूस्टर?

रिबेट_पंच

हो, बूस्टरच. आतली स्प्रिंग तुटून अडकलेली असू शकते. म्हणून हे काम सीनियर मिस्त्री सोबत असतानाच करा, एकट्याने नाही.

पार्किंग लाइनला पूर्ण हवा असताना रिलीज बोल्ट (स्प्रिंग दाबून बांधून ठेवणारा बोल्ट) बूस्टरच्या मागच्या भोकातून घाला, पाव फेरा फिरवून आत अडकवा आणि नट हातपान्याने आवळा. इम्पॅक्ट गन वापरू नका. टाइप ३० मध्ये बोल्ट साधारण ७५ ते ८० मिमी बाहेर यायला हवा. तेवढा येत नसेल तर स्प्रिंग बांधली गेलेली नाही, तिथेच थांबा. बोल्ट नीट बाहेर आला तरच हवा सोडा आणि होज काढा. बूस्टरच्या मागच्या तोंडासमोर उभं राहू नका. स्प्रिंगच्या बाजूचा क्लॅम्प कधीच उघडायचा नाही, ती स्प्रिंग सुटली तर माणूस वाचत नाही.

नवा बूस्टर बसवताना पुशरॉड जुन्याच्या लांबीलाच कापा, नाहीतर काटकोन बिघडतो. आणि जुना बूस्टर रिलीज बोल्ट घातलेल्या अवस्थेतच भंगाराला द्या, आत स्प्रिंग दाबलेली आहे हे त्यावर पेंटने मोठ्या अक्षरात लिहून. भंगारवाला तो गॅस कटरने कापायला घेतो.