मदत हवी आहे: प्रोसेस कॅल्क्युलेशन्स शिकून नेमकं काय पदरात पडतं?

गुऱ्हाळवाली: नमस्कार मंडळी. केमिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रिअ‍ॅक्टर, डिस्टिलेशन असलं काही शिकवतील वाटलं होतं. इथे दोन महिने चौकोन काढायचा, आत काय गेलं, बाहेर काय आलं, एवढंच. बाबा म्हणाले, "हे तर आमचा दिवाणजी पण करतो."

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गुऱ्हाळावर हिशेब मांडला. काहिलीत 1000 रस, ब्रिक्स (रसात वजनाने किती टक्के ऐवज विरघळलाय ते) 20. म्हणजे विरघळलेला ऐवज 200. गुळात 5 टक्के पाणी धरलं तर 200 भागिले 0.95, साधारण 210 किलो गूळ. प्रत्यक्षात 10 किलोच्या 22 ढेपा भरल्या! वर मळी काढून टाकली ती वेगळीच. 10 किलो गूळ आला कुठून? गुळवेमामा हसतायत. माझं काय चुकतंय? आणि हा विषय पुढे खरंच लागतो का?

प्लांटकर: 1000 काय? किलो की लिटर?

गुऱ्हाळवाली: लिटर. काहिलीला आतून खूण आहे.

प्लांटकर: सापडलं मग. 20 ब्रिक्सचा रस लिटरला साधारण 1.08 किलो भरतो. रस 1080 किलो, ऐवज 216, गूळ 227. तुमचा आला 220. बाकीचा मळीबरोबर गेला, थोडा काहिलीला चिकटला. सर 'आधी बेसिस लिहा' (हिशेब कशाच्या किती मापावर धरलाय ते) म्हणून डोकं खातात ना, ते यासाठीच.

विषय लागतो का म्हणाल, तर मी वीस वर्षं प्लांटवर आहे. डिस्टिलेशन कॉलमचं डिझाइन एकदाच केलं, हा हिशेब रोज करतो. टाकीची लेव्हल, फ्लोमीटर आणि लॅबचा रिपोर्ट यांचं आपसात कधीच पटत नाही. तिघांतलं खोटं कोण बोलतंय, ते या चौकोनातच कळतं. दिवाणजीला वाफेचं बिल कुणी देत नाही, ती आपल्यालाच मोजावी लागते!

धुराडं: वाफेवरून आठवलं. एनर्जी बॅलन्स (असाच हिशेब, पण उष्णतेचा) सुरू झाला की चुलवाण घ्या. साडेआठशे किलोच्या आसपास पाणी उडतं, त्याला किलोमागे 2257 किलोज्यूल उष्णता लागते. जळलेल्या चिपाडातली किती उष्णता रसात गेली आणि किती धुराड्यातून, ते काढा. बाबांना त्यात जास्त 'रस' असेल.

गुऱ्हाळवाली: लिटर-किलो! लाज वाटली. मळी तोललीच नव्हती, शेतात गेली. शुक्रवारी पुढची काहील चढतेय, काटा घेऊन बसते. गुळवेमामांना अजून सांगितलेलं नाही.