कॅटफिश गाडीवरून विकत घेतला तर 'धरला' म्हणायचं का?

लाखनीचा धान:
स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या व्हिडिओ गेममध्ये नदीच्या माशांचा बंडल (ठरलेले चार मासे जमा करायचा संच) पूर्ण केल्याचे स्क्रीनशॉट आपल्या मंडळींत रोज फिरतात. सनफिश, शॅड, टायगर ट्राउट, कॅटफिश, चारही जागेवर. जरा खोदून विचारलं की कळतं, कॅटफिश गेममधल्या शुक्रवार-रविवारच्या फेरीवाल्या गाडीवरून घेतलेला, नाहीतर मासेमारीचा मिनीगेमच (मासा हिरव्या पट्टीत धरून ठेवायचा छोटा खेळ) उडवणारा मॉड, म्हणजे गेम बदलणारी जोड-फाईल, टाकलेला. मग 'धरला' कशाला लिहिता राजेहो? 'आणला' लिहा.

मासा खतरनाक आहे, मान्य. कार्पची अवघडता 15, याची 75. हिरवी पट्टी वर नेली की हा खाली, खाली आणली की हा वर. पण गेम संधी किती लवकर देतो ते पाहा. पहिल्या वर्षी वसंताच्या 2 तारखेला विली कोळ्याचं पत्र येतं, समुद्रावर गेलं की बांबूची गरी फुकटात. 3 तारखेला हमखास पाऊस. गावातल्या नदीवर जाऊन उभे राहा, मध्यरात्रीपर्यंत कॅटफिश लागतो. सुटला तर जातं काय? थोडी ताकद. पुन्हा टाका. तेवढा धीर नसेल तर शेतीचा गेम खेळूच नये, हे माझं स्पष्ट मत.

कपाशी तूर:
धीराचं आमाले नको सांगू भाऊ. तुमच्याकडे लाईन राह्यते वाटते! मी जुन्या डेस्कटॉपवर खेळतो. तिथं झोपल्याशिवाय गेम सेव्ह होत नाई. पावसाचा दिवस, गेममधे रात्रीचे दहा, कॅटफिश एकदाचा पिशवीत पडला, अन् लाईन गेली. मंग पुन्हा सकाळी सहापासून सुरू. इकडे खरा पाऊस चार थेंब आला का पहिले लाईन जाते, हे त्या एरिक बॅरोनले अमेरिकेत बसून गेम बनवतानी कसं समजन?

मी गाडीवरूनच घेतला. विकाले गेलं तर त्याचा भाव 200, अन् गाडीवर तिपटीच्या खाली भेटत नाई. पार्सनिप पिकवून जमवलेला पैसा होता. तो का घामाचा नाई?

लाखनीचा धान:
लाईनचं दुखणं सगळ्यांचंच आहे, त्यावर मी बोलत नाही. घेतला तर घेतला म्हणा, एवढंच. आणि मॉडवाल्यांचं काय? त्यांची तर लाईनही गेलेली नसते.

बोदीकाठ:
मॉडवाला मी. आणि मासे धरणाऱ्या घरातला.

आमच्या अर्जुनीकडे पावसाळ्यात बोदी (लहान तळं) भरून वाहायला लागली की मांगूर, म्हणजे आपल्याकडचा कॅटफिशच, पाण्याबाहेर निघतो. त्याला हवेतूनही श्वास घेता येतो, त्यामुळे पाळीवरच्या ओल्या गवतातून वळवळत पलीकडच्या धानाच्या बांधीत जातो. आजा त्याच्यावर ओला दुपट्टा टाकायचा आणि डोक्यामागे दाबून उचलायचा, कारण बाजूचा काटा लागला की हात ठणकत राहतो. पण खरी अक्कल त्याच्या आधीची. कोणत्या पावसात निघायचं, पाळीच्या कोणत्या अंगाला थांबायचं, ते.

गेमने नेमकं तेच बरोबर घेतलंय. कॅटफिशला ऋतू लागतो, ठरावीक पाणी लागतं, पाऊस लागतो. त्याच बंडलातल्या सनफिशला उलट कोरडं ऊन पाहिजे. मी हे सारं पाळतो. रोज सकाळी गेममधल्या टीव्हीवर उद्याचं हवामान पाहतो. पाऊस असला की पिकाला पाणी द्यायचं काम नाही, अख्खा दिवस नदीवर. मॉडने फक्त पट्टीच्या उड्या काढल्या. ती बोटांची कसरत आहे, तिला मासेमारी काय म्हणून म्हणायचं?

मृग बहार:
बोदीकाठ, तुमचाच दाखला तुमच्यावर उलटतो. आजोबांनी जागा ओळखली, मान्य. पण शेवटी हात घातलाच ना? ती पट्टी म्हणजेच तुमच्या आजोबांचा दुपट्टा. तो काढून टाकला तर उरलं काय? पाऊस पाहून घराबाहेर पडणं. तेवढं तर म्हशीसुद्धा करतात.

आणि ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी, कारण इथे भांडण जास्त आणि मदत कमी चालली आहे: बटण दाबून धरू नका, हलक्या टिचक्या मारा. पट्टी तळाला आदळली की उसळते आणि मासा तिथेच सुटतो. 25 ला मिळणारी ट्रेनिंगची (शिकाऊंची) गरी घेऊ नका. पट्टी मोठी दिसते खरी, पण तिला अवघड मासे लागतच नाहीत, कॅटफिश तर नाहीच. आधी सोपे मासे धरून लेव्हल वाढवा, लेव्हलसोबत पट्टी लांब होते. विलीच्या दुकानातलं ट्राउट सूप प्यायलं तरी तात्पुरती एक लेव्हल चढते. वसंत हुकला तर शरद आहेच. उन्हाळ्यात पाऊस पडला तर नदीत हातपाय मारू नका, तेव्हा तो सीक्रेट वुड्स या गेममधल्या जंगलाच्या तळ्यात मिळतो. तिथल्या वाटेवरचं आडवं लाकूड फोडायला स्टीलची कुऱ्हाड लागेल.

कपाशी तूर:
हे पहिले सांगितलं असतं तर माहे पैसे वाचले असते ना बे!

पळसफूल:
आमच्या घरी दोघं मिळून एकच शेत खेळतो. पेरणी, कोंबड्या, गाई माझ्याकडे, नदीवर भाऊ. कॅटफिश त्याने धरला, बंडलात मी टाकला. आता मी 'धरला' लिहायचं, 'आणला' लिहायचं की 'भावाने दिला'? धानभाऊंनी एकदा नियमांची यादीच काढावी, म्हणजे स्क्रीनशॉट टाकायच्या आधी आम्ही अर्ज करू.

लाखनीचा धान:
ताई, दोघांच्या शेताला सूट. घरातल्या कोणीतरी पट्टी सांभाळली ना, झालं. मॉडला सूट नाही. मृग बहारांनी माझं काम सोपं केलं.

बोदीकाठ:
सोपं झालेलं नाही. दुपट्ट्याचं मृग बहार चांगलं बोलले, पण आजाच्या हातून मांगूर निसटला की तो परत बोदीत, आणि आमच्या घरी संध्याकाळी वांग्याची भाजी. तुझ्या हातून कॅटफिश निसटला की तू तिथल्या तिथे पुन्हा गरी टाकतो. त्याला धीर म्हणायचं असेल तर म्हण बाबा. मॉड काही मी काढत नाही, आणि लिहिताना 'धरला' असंच लिहीन.