'सोशल फंक्शनिंग'ला मराठीत काय म्हणाल? आणि 'परिहारी' चालेल का?

मोरपीस: अव्हॉयडंट पर्सनॅलिटी डिसऑर्डरवरची (नाकारलं जाण्याच्या भीतीने माणसं टाळण्याचा विकार) माहितीपुस्तिका मराठीत करतेय, पेशंटच्या घरच्यांसाठी. 'सोशल फंक्शनिंग'ला आधीच्या कुणीतरी 'सामाजिक कार्य' केलंय, म्हणजे वाक्य झालंय 'उपचारानंतर रुग्णाचे सामाजिक कार्य सुधारते'. आईने वाचून विचारलं, तो आधी समाजसेवा करायचा का? तिचं काय चुकलं! मी 'माणसांतला वावर' केलं तर तपासणाऱ्या डॉक्टरांनी खोडून 'सामाजिक कार्यक्षमता' लिहिलं. आणि विकाराचं नाव 'परिहारी व्यक्तिमत्त्व विकार'. काय करू?

वाईकर: कार्यक्षमता पंपाची असते. वावरच ठेवा, त्यात नोकरी, शेजार, मैत्री, लग्नकार्याला जाणं सगळं येतं. आणि परिहारी नकोच. शंकेचा परिहार म्हणजे शंका दूर करणं, श्रमपरिहार म्हणजे कार्यक्रम उरकल्यावरचं जेवण. टाळणारा हा अर्थ ऐकणाऱ्याला लागणारच नाही.

अनुस्वार: असहमत. 'अपरिहार्य' आपण रोज म्हणतो ना, म्हणजे टाळता न येणारं, मग परिहार म्हणजे टाळणं का कळू नये? शास्त्राला नेमका शब्द लागतो, बोलीतला शब्द दर दहा कोसांवर बदलतो.

रानपाखरू: मला हाच विकार आहे, निदान ३१व्या वर्षी झालं. घरात 'माणूसघाणी' म्हणायचे आणि तेच सगळ्यात जास्त लागायचं, कारण मला माणसं हवी असतात हो. भाचीच्या बारशाला झबलं-टोपडं घेऊन बिल्डिंगच्या खाली अर्धा तास उभी राहिले आणि तशीच परत आले, वर गेले तर सगळे बघतील, हिला बोलता येत नाही म्हणतील, एवढंच डोक्यात. 'टाळणारी' म्हटलं की कामचुकार वाटतं. 'परिहारी' निदान टोचत तरी नाही.

मोरपीस: ताई, पुस्तिकेतही हाच फरक आहे. स्किझॉइड या दुसऱ्या व्यक्तिमत्त्व विकारात माणसांची ओढच कमी, इथे ओढ असते पण नाकारलं जाण्याची भीती तिच्याहून मोठी. शब्दात ती ओढ यायला हवी असं आता वाटतंय. 'बुजरा' कसा वाटतो?

अनुस्वार: बुजरेपणा हा स्वभाव, विकार नव्हे. मानसशास्त्रज्ञ थिओडोर मिलन यांनी १९६९ मध्ये 'अव्हॉयडंट' हे नाव पुढे आणलं आणि १९८० च्या डीएसएम-३ मध्ये, म्हणजे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत, ते आलं ते स्वतंत्र निदान म्हणून. आताच्या डीएसएममध्ये सातपैकी किमान चार लक्षणं लागतात. बुजऱ्या पोराला कोण चार लक्षणं मोजतं?

वाईकर: पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत हे वेगळं नावच नाही, तिथे व्यक्तिमत्त्व विकाराची तीव्रता बघतात. शास्त्रच नाव सोडतंय तर आपण 'परिहारी'ला का कवटाळायचं?

मोरपीस: अजून एक अडलंय, 'ट्रीटमेंट आउटकम'. 'उपचाराचा निकाल' अगदी कोर्टातलं वाटतं.

वाईकर: गुण! 'औषधाचा गुण आला' म्हणतोच की आपण. आणि गुण आला म्हणजे पूर्ण बरा झाला असं नाही, ते इथे बरोबर बसतं. मानसशास्त्रज्ञ लिन ऑल्डन यांचा याच विकारावरचा १९८९ चा अभ्यास आहे, दहा आठवडे गटात उपचार, हळूहळू भीतीला सामोरं जायचं आणि संवादाचा सराव. उपचार न मिळालेल्यांपेक्षा त्यांच्यात सुधारणा दिसली, पण वावर चारचौघांइतका मोकळा झाला नाही.

रानपाखरू: अगदी असंच. मी आता फोन उचलते, ऑफिसात डबा सगळ्यांसोबत खाते. लग्नाला अजून जाववत नाही. 'बरी झाली' लिहाल तर घरचे विचारतील मग लग्नाला का नाही आलीस. 'गुण आला' लिहा प्लीज.

अनुस्वार: 'गुण'वर शाळेतले मार्क आठवतील. 'फलित' घ्या. बुजरा तर अजिबात नको, बुजणं जनावरांचं, बैल बुजतो.

वाईकर: म्हणून तर चांगला! बैल वाईट नसतो, खोडकर नसतो, त्याला काहीतरी दिसलेलं असतं. बुजगावणं त्यावरूनच आलं.

रानपाखरू: आमच्याकडे विहीर बुजली म्हणजे भरली, खड्डा बुजवला म्हणतात. हे दोन्ही बुजणं एकच का?

अनुस्वार: एकच असणं शक्य वाटत नाही, एक घाबरणं आणि एक भरणं.

वाईकर: मला तर एकच वाटतं. माझी आजी घाबरून गप्प बसलेल्या पोरालाही 'बुजून गेलाय' म्हणायची, म्हणजे आतून बंदच झालेला, विहिरीसारखा. कुणाकडे जुना कोश असेल तर दोन्ही नोंदी बघून सांगा.