नव्या क्रोमच्या नळांवर चार महिन्यांतच ठिपके, कारण कसं शोधायचं?

बाथरूमचे नळ बदलून चारच महिने झालेत आणि क्रोमवर टाचणीच्या डोक्याएवढे हिरवट ठिपके आलेत. व्हिनेगरच्या फडक्याने वरचा पांढरा क्षार निघाला, ठिपके मात्र तसेच. नख फिरवलं तर बारीक खड्डा लागतो. म्हणजे आतलं पितळ कळकायला लागलंय.

पाणी जड आहे, पण त्याच पाण्यावरचा, त्याच कंपनीचा स्वयंपाकघरातला नळ अजून लख्ख आहे. म्हणून माझा संशय ॲसिडवाल्या टॉयलेट क्लीनरच्या वाफेवर. कमोड शेजारीच आहे, खिडकी नाही. नळांना क्लीनर कधीच लावलेला नाही, घासणीही नाही. दुकानदार मात्र पाण्यालाच दोष देतोय. क्लीनर बंद करून दोन आठवडे झाले, ठिपके पुसले जात नाहीत.

नळ बदलून मागण्याआधी विचारतो: वाफेने चढलेला गंज आणि मुळातच पातळ प्लेटिंग, यांतला फरक घरच्या घरी कसा ओळखायचा?