सर्दी-पडसं आणि फ्लूवर घरचा इलाज : माप सांगा, चुकतं कुठं तेही सांगा

पावसाची झड लागली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, सगळीकडं घरोघरी कुणीतरी शिंकत असतंच. काढा, माडगं, वाफारा हे शब्द प्रत्येक घरात आहेत. पण कसं करायचं विचारलं की उत्तर येतं, ‘घाला की थोडं आलं.’ थोडं म्हणजे किती? किती वेळ उकळायचं? कुणाला द्यायचं नाही? या धाग्यात एवढंच लिहूया. आजीनं दिलं आणि बरं वाटलं, हे सगळ्यांनाच मान्य आहे, ते पुन्हा सांगायला नको.

एक गोष्ट आधीच ठरवून घेऊ. पडसं विषाणूमुळं होतं आणि काहीही केलं तरी सात ते दहा दिवस घेतं, खोकला कधीकधी तीन आठवडेही रेंगाळतो. घरच्या इलाजानं हे दिवस कमी होतील असं कुणी लिहू नये. घसा ओला राहावा, नाक मोकळं व्हावं, अंगातलं पाणी टिकावं, झोप लागावी, यासाठी काय करता ते लिहा.

खानापूर, परसात औषधी झाडं लावणाऱ्या

काढ्यात सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळं एकदम पातेल्यात टाकून अर्धा तास उकळणं. आलं आणि मिरीला वेळ लागतो, तुळस आणि गवती चहाचा वास मात्र उडून जातो. दोन कप पाण्यात अंगठ्याच्या पेराएवढं आलं ठेचून आणि चार-पाच मिरी भरडून घाला, मंद आचेवर आठ मिनिटं झाकून उकळा. मग गवती चहाच्या दोन पाती गाठ मारून आणि तुळशीची आठ-दहा पानं घाला, एक मिनिटात गॅस बंद करा, झाकण ठेवून पाच मिनिटं मुरू द्या. साधारण दीड कप उरतो, म्हणजे दोघांचा एक वेळचा. गूळ गाळल्यावर, चवीपुरता.

दिवसातून दोनदा, काहीतरी खाल्ल्यावर. चार-पाच वेळा प्यायलं तर पडसं लवकर जात नाही, उलट छातीत जळजळ सुरू होते आणि मग रात्री झोपताना खोकला वाढतो. पित्ताचा त्रास असेल तर मिरी वगळा. ज्येष्ठमध घशाला छान वाटतो, पण रक्तदाब असणाऱ्यांनी तो रोज घेऊ नये. त्यानं रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आलं-हळदीचे मोठे डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. जेवणातलं नेहमीचं आलं चालतं.

संकेश्वर, खानावळीचा स्वयंपाक करणाऱ्या

हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, माडगं. तोंडाला चव नसते, गिळताना घसा दुखतो, तेव्हा भाकरी जात नाही पण माडगं जातं. म्हणून ते आजारात करतात, त्यात जादू काही नाही.

हुलगे निवडून लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजा. वाटीभर हुलग्यांना आठ ते दहा मिनिटं लागतात. खमंग वास आला आणि दाणा दातानं सहज फुटला की उतरवा. इथं घाई केली तर माडग्याला कच्चट वास येतो आणि पोट फुगतं, जास्त भाजले तर कडू होतं आणि तो कडूपणा गुळानंही झाकत नाही. पूर्ण गार झाल्यावर दळा. गरम दळलं तर पिठात वाफ धरते आणि चार दिवसांत बुरशीचा वास येतो. बरणीतलं पीठ महिनाभर टिकतं, म्हणून जूनच्या आधीच करून ठेवावं. आजारी माणसाच्या घरी भाजत बसायला कुणाला वेळ असतो?

दोघांसाठी चार मोठे चमचे पीठ एक वाटी गार पाण्यात कालवा. गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या झाल्याच, आणि त्या मग मोडत नाहीत. दुसरीकडं तीन वाट्या पाणी उकळत ठेवा, त्यात चिमूटभर मीठ आणि पाव चमचा सुंठ. कालवलेलं पीठ धार धरून ओता आणि हात न थांबवता ढवळा. दहा-बारा मिनिटं शिजलं पाहिजे. वर फेस येऊन खाली बसला, रंग गडद झाला की शिजलं समजा. गूळ लिंबाएवढा, शेवटच्या दोन मिनिटांत. दूध घालायचं असेल तर खाली उतरवून, कोमट झाल्यावर. गूळ घातलेल्या उकळत्या माडग्यात दूध ओतलं की फाटतं.

ज्यांना गोड नको त्यांनी कट करावा. वाटीभर हुलगे रात्री भिजवून, सहा वाट्या पाण्यात कुकरला सहा-सात शिट्ट्या, वरचं पाणी गाळून घ्या. तुपात जिरं आणि आठ-दहा ठेचलेल्या लसूण पाकळ्यांची फोडणी, दोन आमसुलं, मिरपूड. तिखट घालायचंच तर ब्याडगी घाला, संकेश्वरी नको. तिखटानं नाक वाहून मोकळं वाटतं खरं, पण सुजलेल्या घशाला ते सोसत नाही.

टिळकवाडी, योगवर्ग घेणाऱ्या

जलनेती म्हणजे मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुणं. तिच्याबद्दल नेमकं लिहिते, कारण ती चुकीची केली की लोक घाबरून कायमची सोडतात.

अर्धा लिटर पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे छोटा चमचा सपाट, त्यातही काठाला थोडा कमी. रक्तातल्या क्षारांच्या जवळ जाणारं हे प्रमाण आहे. मीठ कमी पडलं तर नाकात झणझणतं, जास्त झालं तर जळजळतं. ‘नाकाला सोसत नाही’ असं म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा मीठच चुकलेलं असतं. चिमूटभर खायचा सोडा घातला तर आणखी सौम्य लागतं.

पाणी पाच मिनिटं खळखळून उकळलेलं आणि झाकून कोमट केलेलंच हवं. विहिरीचं, बोअरचं किंवा नळाचं थेट नको. न उकळलेल्या पाण्यातला एक प्रकारचा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचू शकतो. हे क्वचित घडतं, पण घडलं तर माणूस सहसा वाचत नाही. पाणी प्यायला चांगलं आहे म्हणून ते नाकालाही चालतं, असं नाही.

बेसिनवर पुढं वाका, मान एका बाजूला कलती, तोंड उघडं, श्वास तोंडानंच. वरच्या नाकपुडीत नेतीच्या भांड्याची तोटी लावा, पाणी खालच्या नाकपुडीतून आपोआप येतं. जोर लावू नका, मध्ये बोलू नका. झाल्यावर वाकून मान दोन्हीकडं फिरवत हलकेच श्वास सोडा. दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानाकडं जातं, आणि नेतीनं कान दुखला असं म्हणणाऱ्यांचं तिथंच बिघडलेलं असतं. नाक पूर्ण बंद असेल किंवा कान दुखत असेल तर त्या दिवशी नेती नको. भांडं रोज धुऊन उन्हात कोरडं करा.

गुळण्यांना एवढी काटेकोर गरज नाही. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ, दिवसातून तीन-चारदा. वाफारा मात्र जपून. त्यानं विषाणू मरत नाही, फक्त नाक थोडा वेळ मोकळं होतं. टोप मांडीवर किंवा पाटावर घेऊ नका, भिंतीला टेकलेल्या भक्कम टेबलावर ठेवा. चेहरा हातभर वर, पाच ते सात मिनिटं. लहान मुलांना वाफारा देऊच नये, भाजण्याच्या दुर्घटना तिथंच होतात.

शहापूर, बेळगाव, औषध दुकान

घरगुती इलाज करणारेही सोबत गोळी घेतातच, म्हणून लिहितो. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर, स्वतःच्या मनानं दिवसाला चारपेक्षा जास्त नाही. सर्दीच्या तयार गोळ्यांत बहुधा पॅरासिटामॉल असतंच. ती गोळी आणि वर तापाची वेगळी गोळी घेतली की डोस दुप्पट होतो आणि भार यकृतावर पडतो. पाकिटामागचं नाव वाचा किंवा आम्हाला विचारा की.

नाक मोकळं करणारे थेंब तीन ते पाच दिवसच. पुढं चालू ठेवले की नाक थेंबांमुळंच चोंदायला लागतं. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालील मुलांना द्यायची नाहीत, असा इशारा वेष्टनावर छापायचा आदेश २०२३ मध्ये निघाला आहे. मुलांच्या तापात अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही. आणि ‘तीन दिवसांचं अँटिबायोटिक द्या’ म्हणून कृपा करून मागू नका, विषाणूवर ते चालत नाही.

फ्लूला मात्र स्वतंत्र औषध आहे, ओसेल्टामिविर. ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं. पडसं हळूहळू चढतं, फ्लू अचानक आडवा पाडतो. सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी थंडी वाजून, अंग मोडून, १०२-१०३ तापात असतो. घरात साठीपुढचं माणूस, गरोदर बाई, दम्याचा किंवा मधुमेहाचा रुग्ण असेल तर चार दिवस काढा पाजत थांबू नका.

निपाणी

तंबाखू कुटताना, चाळताना येणाऱ्या शिंका म्हणजे पडसं नव्हे. ताप नसतो, नाकातलं पाणी पातळच राहतं, डोळे खाजतात, आणि सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं. त्यावर काढा पिऊन काही होत नाही. धूळ आत जाऊ न देणं हाच इलाज. नाकावर घट्ट बसणारा मास्क लावा, घरी आल्यावर आधी अंघोळ आणि कपडे बदलणं, मग मुलांना जवळ घेणं. वर सांगितलेली नेती या कामाच्या लोकांना खरोखर उपयोगी आहे.

कणकुंबीकडून

आमच्याकडं पावसात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. रुग्णाच्या खोलीत शेगडी ठेवून दारं-खिडक्या लावू नका. कोळशाच्या वायूला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. ऊब द्यायची तर पांघरुणानं द्या, एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. चुलीच्या धुरानं खोकला वाढतो, म्हणून रुग्णाचं अंथरूण स्वयंपाकघरापासून लांब.

चिक्कोडी

मटण-कोंबडी खाणाऱ्यांसाठी अळणी, म्हणजे बिनमसाल्याचं पातळ पाणी. हाडासकट अर्धा किलो कोंबडी, दीड लिटर पाणी, अर्धा चमचा हळद, चमचाभर आलं-लसूण, मीठ बेताचं. मंद आचेवर चाळीस मिनिटं, वरचा तवंग काढून टाका. मसाला घालायचा मोह टाळा. मधुमेह्यांना गुळाच्या माडग्यापेक्षा हे किंवा हुलग्याचा कट बरा.

खानापूर तालुका, प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका

लहान मुलांबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही, म्हणून थोडं सविस्तर.

एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचा नाही, बोटभरही नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळं बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. वर्षापुढं झोपताना अर्धा ते एक चमचा मध खोकल्याला चांगला. बाळाच्या नाकात तेल किंवा तूप सोडू नका, ते फुप्फुसात उतरतं. नाक चोंदलं तर दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब, दूध पाजण्याआधी. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून थेट छातीवर ठेवू नका, आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहा. कापूर बाळाच्या हाताला लागेल असा ठेवू नका, पोटात गेला तर फिट येते. दूध मात्र बंद करायचं नाही, अंगावरचं तर नाहीच.

श्वास मोजायला शिका. मूल शांत असताना, रडत नसताना, पोटाकडं बघून पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त भरले तर घरात थांबायचं नाही. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, मूल दूध ओढत नाही, सारखं झोपेत असतं, फिट येते, तर १०८ ला फोन करा. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ ताप आला तरी त्याच दिवशी दाखवा.

मोठ्यांत धाप, छातीत दुखणं, ओठ निळसर, गोंधळल्यासारखं बोलणं, या धोक्याच्या खुणा. आणि एक खूण लोकांच्या लक्षात येत नाही : ताप उतरून दोन दिवस बरं वाटलं आणि पुन्हा जोरात ताप-खोकला आला, तर न्यूमोनिया बघावा लागतो.

जेवण जात नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, घोटघोट दिवसभर. लघवी पिवळीजर्द होत असेल तर पाणी कमी पडतंय. केंद्रात नव्या डॉक्टरांना मराठी येत नसेल तर तीन कन्नड शब्द पुरतात : पडशाला नेगडी, खोकल्याला केम्मु, तापाला ज्वर. किती दिवस झाले, ताप किती होता आणि कुठली गोळी किती वाजता दिली, हे कागदावर लिहून आणा.