पहिला देश कुठला घ्यावा: ऑटोमन सांगणाऱ्यांनो, जरा थांबा

रिकामटेकडा_सांगली:
मामाचा मुलगा अकरावीला आहे, त्याने सेलमध्ये युरोपा युनिव्हर्सालिस ४ घेतला आणि रात्री साडेदहाला मला फोन, दादा देश कुठला घेऊ. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ११ नोव्हेंबर १४४४ ला गेम सुरू होतो, जगातलं जवळपास कुठलंही राज्य उचला आणि १८२१ उजाडेपर्यंत चालवा, लढाया, राजघराण्यातली लग्नं, व्यापार, कर्ज सगळं आपल्याच बोकांडी. मी पण सगळे सांगतात तेच सांगितलं, ऑटोमन (तुर्कांचं साम्राज्य) घे, सोपाय.

तीन आठवड्यांनी त्याने गेम उडवला. गेल्या रविवारी त्याच्याकडे जेवायला गेलो तेव्हा परत टाकायला लावला आणि सेव्ह उघडून बघितली. साल १५१२. नकाशावर हिरवंगार साम्राज्य, बघून वाटावं पोरगा लै भारी खेळतोय. वर बघितलं तर ॲडमिन पॉइंट (राज्यकारभारासाठी महिन्याला मिळतात ते) अकरा. ओव्हरएक्स्टेन्शन (घेतलेले पण अजून न पचवलेले प्रांत) शंभरच्या वर, त्यामुळे दर थोड्या वेळाने काहीतरी वाईट इव्हेंट, चार ठिकाणी बंडखोर, आणि ऑस्ट्रिया, हंगेरी, व्हेनिस सगळे कोॲलिशनमध्ये, म्हणजे त्याच्याविरुद्ध एकत्र. त्याला विचारलं कोअर करताना (जिंकलेला प्रांत कायमचा आपला करताना) पॉइंट किती जातात बघतोस का, तर म्हणे वर अलर्ट आला की मी दाबतो, पॉइंट कुठे जातात काय माहीत.

माझा मुद्दा हाच आहे. ऑटोमनमध्ये पहिली साठ-सत्तर वर्षं तुम्ही काहीही केलं तरी चालतं, सैन्य चांगलं, पैसा बरा, शेजारी एकेकटे गाठता येतात. साधा हिशोब आहे, काही सवलत नसेल तर १० डेव्हलपमेंटचा (म्हणजे तेवढ्या विकासाचा) प्रांत कोअर करायला १०० ॲडमिन, आणि महिन्याला मिळतात फुकटचे ३, राजा ० ते ६ मध्ये जसा असेल तसे आणि सल्लागाराचे एक-दोन. म्हणजे घास केवढा घ्यायचा हे राजाच्या डोक्यावर ठरतं. हे ज्याला १५१२ ला कळतं त्याचा गेम संपलेलाच असतो. त्यापेक्षा पोर्तुगाल द्या. युरोपात जमिनीवर शेजारी एकच, इंग्लंडशी सुरुवातीपासून दोस्ती, चूक झाली तरी छोटी होते आणि तिथल्या तिथे कळते. मी त्याला चुकीचा देश सांगितला असं माझं म्हणणं. बोला.

तोफखाना:
देश बरोबर सांगितला, शिकवलं काही नाही. हे म्हणजे पोराला बुलेटची चावी देऊन घरी झोपायचं आणि मग म्हणायचं बुलेट वाईट.

अहो पहिल्या गेममध्ये माणसाला जिंकायला मिळालं पाहिजे. गेम सुरू होतो त्याच्या आदल्या दिवशी, १० नोव्हेंबरला, वार्नाची लढाई ऑटोमनांनी जिंकलेली आहे, समोर कॉन्स्टँटिनोपल, बायझंटाइनांकडे एक राजधानी आणि खाली मोरिया, बास. पहिलंच युद्ध आणि बक्षीस काय तर कॉन्स्टँटिनोपल. खऱ्या इतिहासात १४५३ ला पडलं, तुम्ही चार-पाच वर्षं आधी पाडता. मला आठवतंय मी पहिल्यांदा ते शहर घेतलं तेव्हा रात्री दोनला एकटाच खोलीत हात वर करून उभा होतो. ती नशा पोर्तुगालमध्ये कुठून आणणार? पोर्तुगाल म्हणजे पन्नास वर्षं समुद्राकडे बघत बसायचं. वसाहत टाका, हजार लोक होईपर्यंत वाट बघा, दुसरी टाका, परत वाट बघा. पोरगा तीन आठवडे टिकला म्हणता ना, पोर्तुगाल दिला असता तर तीन दिवसात परत मोबाईल गेमवर गेला असता.

रिकामटेकडा_सांगली:
नशा मान्य, पण नशेनेच घात झाला ना. आणि वाट बघायची म्हणता, ती वसाहत महिन्याला साधारण २ डुकाट (गेममधलं नाणं) खाते, सुरुवातीला कोलोनिस्टपेक्षा (वसाहत वसवायला पाठवायच्या माणसांपेक्षा) जास्त वसाहती टाकल्या की खजिना रिकामा, लगेच समजतं आपण चुकलो. सहा महिन्यात खाली लाल आकडा दिसतो. ऑटोमनमध्ये लाल आकडा दिसायला पिढी जावी लागते.

पॉज_मास्तर:
दोघंही टोकं धरून बसलात. मधलं उत्तर आहे आणि ते कास्तील, म्हणजे पुढचा स्पेन.

कास्तीलमध्ये दोन्ही मिळतं. दक्षिणेला ग्रनाडा, तीन-चार प्रांतांचं राज्य, पहिलं युद्ध तिथे करायचं. मी पुतण्याला शेजारी बसवून हेच खेळायला लावलं, स्पीड दोनवर, प्रत्येक गोष्टीला स्पेस दाबून पॉज. किल्ल्याला वेढा घालून आम्ही बसलो, किल्ला पडायची शक्यता दाखवणारा आकडा उणे. दर तीस दिवसांनी एक फासा पडतो. उण्याचा शून्य झाला, मग ७ टक्के, मग १४, मग २१. तो विचारतो काका सात-सातनेच का वाढतो, म्हटलं आत चौदा बाजूंचा फासा आहे रे, एकेक बाजू म्हणजे सात टक्के. त्या दिवसापासून त्याला वेढा कळला. मग म्हणे तोफा आणू, म्हटलं तोफा मिलिटरी टेक (लष्करी तंत्रज्ञान) ७ ला, आत्ता आपण ३ वर, आत्ता नुसतं बसायचं. तेवढ्यात मोरोक्कोची फौज समुद्र ओलांडून आली, कारण त्याने युद्ध पुकारताना मित्रपक्ष बघितलेच नव्हते. युद्ध पुकारायच्या खिडकीत कोण कोण येणार ते सगळं लिहिलेलं असतं, पण ते पहिल्यांदा मार खाल्ल्याशिवाय कोणी वाचत नाही. मार खाल्ला, पण देश मोठा म्हणून मेला नाही. शिकायला असाच देश लागतो, मार लागेल पण मरणार नाही.

वर नशीब असेल तर आयबेरियन वेडिंगचा इव्हेंट, अख्खं ॲरागॉन पर्सनल युनियनमध्ये (दोन राज्यं, राजा एकच), खरं लग्न इसाबेल आणि फर्नांदोचं १४६९ ला झालं तेच. आणि नंतर अमेरिका आहेच, पाच प्रांत झाले की कलोनियल नेशन (आपल्या हाताखालचं वसाहतींचं राज्य) आपोआप उभं राहतं.

तोफखाना:
मास्तर, कास्तीलचा युवराज सांगायचा राहिला वाटतं? एन्रिके. कारभार, मुत्सद्देगिरी, लष्कर ०/०/०. तिन्ही भोपळे. नवीन माणसाच्या गळ्यात असला राजा बांधताय आणि वर म्हणताय सोपा देश.

पॉज_मास्तर:
मुद्दाम नाही सांगितला, कारण तो तर सगळ्यात चांगला धडा आहे. राजा गादीवर बसला आणि पॉइंट एकदम आटले की पुतण्या रडकुंडीला आला, तेव्हाच कळलं की सल्लागार कशाला ठेवायचे आणि पॉइंट जपून का वापरायचे. वरच्या अकरावीवाल्या पोराला हेच तर कळलं नव्हतं ना? इंग्लंडचा सहावा हेन्री पण शून्यच आहे, पण तिथे फ्रान्स, मेन प्रांताची भानगड, मग गुलाबांची युद्धं म्हणजे घरचीच यादवी, ते नवख्याला नको. कास्तीलला शून्य परवडतो.

म्हापशेकार:
पोर्तुगालवर मी बोललंच पाहिजे, गोव्याचा आहे.

मी पहिला गेम पोर्तुगालच घेतला होता, नेटवर कोणीतरी सांगितलं म्हणून. दीडशे तास खेळलो असेन त्या एका गेममध्ये. आफ्रिकेला वळसा घालून शेवटी इथे पोचलो आणि नकाशावर गोवा दिसलं. इतिहासात आल्बुकर्कने विजापूरकरांकडून १५१० ला घेतलं ते. माझं जहाज समोर उभं, सैन्य चढलेलं, बटन दाबायचं फक्त, आणि मी पंधरा मिनिटं पॉजवर. आजोबांनी १९६१ बघितलंय हो, घरात त्या गोष्टी ऐकत मोठा झालोय. शेवटी गोवा सोडून सिलोनकडे गेलो, हसा पाहिजे तर.

पण ते राहू दे, खेळाचं सांगतो. पोर्तुगालने मला व्यापार शिकवला, जो ऑटोमनवाल्यांना हजार तासांनी पण येत नाही. ह्या गेमात व्यापाराचे बाण एकाच दिशेला जातात, उलटे फिरत नाहीत. गोव्याकडचा पैसा एका नोडवरून (व्यापाराच्या नाक्यावरून) दुसऱ्यावर पुढे पुढे ढकलत नेता येतो आणि मधल्या नोडवर आपली पकड असेल तर शेवटी सेव्हियात आपल्या खिशात पडतो. आपल्या भागातली मिरी तिकडे श्रीमंती का आणायची ते शाळेत पाठ केलं होतं, बाण बघितले तेव्हा डोक्यात गेलं. छोटी जहाजं नोडवर गस्तीला ठेवायची हे पण तिथेच समजलं. कंटाळा येतो हे मात्र खरं, पहिली चाळीस वर्षं मी एका हाताने जेवायचो.

कोकमसरबत:
सगळे युरोप युरोप करताय, आपल्याकडचं कोणी का सांगत नाही? विजयनगर आहे, बहमनी आहे. मी मराठी माणसाला आधी हेच सांगते, कारण नकाशा ओळखीचा असतो. बिदर कुठे, दौलताबाद कुठे, दाभोळ कुठे हे शोधावं लागत नाही. जर्मनीतले ते चिल्लर पन्नास संस्थानं बघून माझं तर डोकंच फिरलं होतं.

विजयनगर घ्या. राजाला देव निवडता येतो, गणपती, शिव, विष्णू वगैरे, प्रत्येकाचा फायदा वेगळा (त्याला डीएलसी, म्हणजे वेगळा विकत घ्यायचा जोडभाग लागतो, ते एक दुखणंच आहे). मी दर वेळी गणपतीच घेते, फायदा काय आहे ते न वाचता. वरती बहमनी, बाजूला ओरिसा, दोन दमदार शेजारी, बाकी चिल्लर राज्यं आणि समुद्र. आणि युरोपातले लोक यायला निदान पन्नास-साठ वर्षं आहेत, तेवढ्यात शिकून होतं.

हॉस्टेल_नं_४:
ताई मराठे नाहीत का त्यात? मी डायरेक्ट महाराजांचं स्वराज्य शोधत होतो सापडलंच नाही

कोकमसरबत:
अरे १४४४ आहे ते, महाराजांच्या जन्माला अजून १८६ वर्षं. मराठे नंतर बनवावे लागतात, आधी दख्खनमधलं मराठी संस्कृतीचं राज्य पाहिजे. पहिल्या गेममध्ये त्या नादी लागू नकोस, मी लागले होते. दोन वेळा गुजरातने खाल्लं आणि एकदा बहमनीने. चौथ्या वेळी तर पुण्याकडे जायच्या आधीच दिवाळं.

रिकामटेकडा_सांगली:
कोकमताई, ओळखीचा नकाशा हा मुद्दा आवडला, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. पण संस्थांचं (टेक स्वस्त करणाऱ्या नव्या विचारांचं) काय? रेनेसाँ १४५० ला इटलीत, कलोनियलिझम १५०० ला, छापखाना १५५० ला, सगळं तिकडे उगवतं आणि आपल्याकडे झिरपत यायला वेळ लागतो, तोपर्यंत टेक महाग. नवीन पोराला वाटणार आपलंच काहीतरी चुकतंय. आणि बहमनी तर नकोच, सुलतान मुसलमान आणि बरीच रयत हिंदू, प्रांत घेतला की तिथे असंतोष, बंडं.

कोकमसरबत:
टेक महाग तर शेजाऱ्यांना पण महाग ना. गुजरातला काय व्हेनिसहून कुरिअर येतं? आणि असंतोष म्हणशील तर ऑटोमनांच्या बाल्कनमध्ये तेच नाही का.

तोफखाना:
हे बाकी बरोबर बोललात.
आता मी पण कबूल करतो, ऑटोमनमध्ये एक खड्डा आहे जो कोणी सांगत नाही. अर्धं सैन्य रुमेलियात (युरोपच्या बाजूला), अर्धं अनातोलियात (आशियाच्या बाजूला), मध्ये सामुद्रधुनी. शत्रूचं आरमार तिथे येऊन उभं राहिलं की सैन्य पलीकडे जात नाही. माझी वीस हजार माणसं एडिर्न जळताना पलीकडच्या काठावर बसून होती, मी क्लिक करतोय, बाण येत नाही, मला वाटलं गेम हँग झाला. लॅपटॉप रिस्टार्ट केला होता मी. तरी पण सांगतो, पहिला देश ऑटोमनच. फक्त शेजारी कोणीतरी बसलेलं पाहिजे.

पॉज_मास्तर:
शेजारी कोणी बसलेलं असेल तर कुठलाही देश चालतो हो. प्रश्न एकट्या पोराचा आहे.

चौदाशे_तास:
उल्म घ्या. जर्मनीतलं चिमुकलं राज्य, एक प्रांत. चुकलात की मेलात, वीस मिनिटात नवा गेम. दहा वेळा मेलात की सगळं येतं. आणि तसंही १४४४ तास झाल्याशिवाय ट्युटोरियल संपत नाही हे माहीतच असेल.

म्हापशेकार:
हा माणूस पोहायला शिकवताना विहिरीत ढकलणाऱ्यातला.

चौदाशे_तास:
मला तसंच शिकवलं, आज पोहतो.

रिकामटेकडा_सांगली:
अपडेट. काल रात्री पोराला हा सगळा धागा वाचायला दिला. म्हटलं पोर्तुगाल, कास्तील, विजयनगर, तुला काय पटतं ते घे, ऑटोमन घेतलास तरी चालेल पण ॲडमिनवर लक्ष ठेव. तासभर काही उत्तर नाही. मग मेसेज आला, बहमनी घेतलं. का, तर म्हणे सोलापूर त्यांच्याकडे आहे आणि आजी सोलापूरची. म्हणजे एवढ्या लोकांनी एवढं लिहून, जो एक नको म्हटला तोच उचलला.

आत्ता परत मेसेज आलाय, जसाच्या तसा टाकतो: "दादा धूमकेतू दिसला म्हणतायत आणि स्टॅबिलिटी एकने गेली मी काहीच केलं नव्हतं, काय करू"

तोफखाना:
काही करता येत नाही म्हणावं, तो सगळ्यांनाच दिसतो. ॲडमिन किती आहेत त्याचे?

रिकामटेकडा_सांगली:
विचारलं. १८७ म्हणतोय. न विचारता महिन्याला किती येतात ते पण सांगितलं.