व्हिडिओत वाचायला पण दिलं, ऐकायला पण दिलं, तरी मुलांना का कळत नाही?

कोपरीची ताई:
मी ठाणे पूर्वेला घरी आठवी ते दहावीचे क्लास घेते, बहुतेक सेमीची मुलं. पावसात मुलं अडकतात म्हणून व्हिडिओ करून ग्रुपवर टाकते. हृदयाचा धडा केला, डावीकडे आकृती, उजवीकडे पूर्ण पॅराग्राफ आणि तोच मी वाचून दाखवला. मुलांनी दोनदोनदा बघितला आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, राइट व्हेंट्रिकलमधून, म्हणजे हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यातून, रक्त कुठे जातं, तर सगळी गप्प. खूप वाईट वाटलं, एवढी मेहनत घेतली होती. काय चुकतंय?

नेरुळवाला:
ताई, मी ट्रेनिंगचे व्हिडिओ बनवतो, ही चूक मीही वर्षभर केलीये. अक्षरं आणि आकृती, दोन्ही डोळ्यांनीच बघायची ना. मूल ओळी वाचत बसतं, वाचायचा स्पीड तुमच्या बोलण्याशी जुळत नाही, ते जुळवण्यातच दमतं आणि आकृती राहते बाजूला. रिचर्ड मेयर आणि रॉक्साना मोरेनो या मानसशास्त्राच्या संशोधकांनी 1998 मध्ये वीज कशी पडते याच्या ॲनिमेशनवर प्रयोग केला होता, ज्यांनी माहिती ऐकली त्यांना तेच शब्द स्क्रीनवर वाचणाऱ्यांपेक्षा जास्त लक्षात राहिलं आणि नवीन प्रश्नही जास्त सुटले. 2001 मध्ये मेयर आणि सहकाऱ्यांना दिसलं की आवाज असताना वर लिखाणही दिलं तर उलट नुकसानच होतं. पॅराग्राफ काढा, आवाज ठेवा.

कळव्याची आई:
मला नाही पटत. फुप्फुसाकडे रक्त नेते ती पल्मनरी आर्टरी, हे नाव नुसतं ऐकून सेमीच्या मुलाने स्पेलिंग कसं लिहायचं? माझा मुलगा तर सबटायटल नसेल तर व्हिडिओ बंदच करतो.

नेरुळवाला:
हो, तुमचा मुद्दा बरोबर आहे. शब्द नवीन असतील किंवा भाषा सवयीची नसेल तेव्हा लिहिलेलं लागतंच. फक्त पूर्ण वाक्य नको, नाव तेवढं, तेही आकृतीत त्याच भागाला चिकटून आणि तुम्ही ते बोलाल तेव्हाच येऊ दे. आणि व्हिडिओचे तुकडे करा, आधी फुप्फुसापर्यंत, मग पुढचं.

कोपरीची ताई:
काल परत केला, तीन तुकडे, बाण आणि नावं, बस्स. आज एक मुलगी वहीतल्या आकृतीवर बोट फिरवत फुप्फुसापर्यंत गेली आणि बरोब्बर डाव्या बाजूला परत आली, आर्टरीला व्हेन म्हणाली पण रस्ता कुठेच चुकली नाही. आता किडनीचा धडा असाच करते.